सिमलिंक की बाइंड माउंट? लिनक्सवर एकच फोल्डर दोन ठिकाणी दाखवायचा असेल तेव्हा

सर्व्हरची मुख्य डिस्क भरत आली. मोठी डिस्क आणून जोडली आणि /डेटा इथे माउंट केली, म्हणजे तिच्यातला माल त्या फोल्डरमध्ये दिसू लागला. आता डेटाबेसच्या फाइली तिकडे हलवायच्या, पण डेटाबेसचा प्रोग्राम /व्हार/लिब/मायएसक्यूएल याच पत्त्यावर अडून बसलेला. लिनक्स शिकणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी गाठतेच. विचारायला गेलं की कोणी सांगतं, सिम्बॉलिक लिंक (सिमलिंक) टाक. कोणी सांगतं, बाइंड माउंट कर. दोन्ही उपायांनी जुन्या पत्त्यावर नवा माल दिसतो, म्हणून नवख्याला दोन्ही सारखेच वाटतात. फरक कळतो तो बॅकअप चुकल्यावर किंवा नको ते पुसलं गेल्यावर.

सिमलिंक म्हणजे दुकानाच्या जुन्या जागी लावलेली पाटी: ‘आमचे दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे’. पाटी वाचायची आणि मागच्या गल्लीत जायचं. बाइंड माउंट म्हणजे त्याच दुकानाला दुसऱ्या रस्त्यावर काढलेलं दुसरं दार. आत शिरणाऱ्याला कुठेही गेल्यासारखं वाटत नाही. लिंक आहे हे प्रोग्रामला हवं तर ओळखता येतं. बाइंड माउंट आहे हे त्याला सहसा कळत नाही. पुढचे जवळजवळ सगळे फायदे-तोटे एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये आज्ञा, पर्याय, आकडे आणि सिस्टिमचे पत्ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे. ‘एलएन -एस’ म्हणजे एल आणि एन ही दोन अक्षरं, मोकळी जागा, मग वजाचं चिन्ह आणि एस. अक्षर मोठ्या लिपीतलं हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी छोटी. सरावाच्या फोल्डरांची नावं मात्र मुद्दाम मराठी ठेवली आहेत, ती तशीच देवनागरीत टाइप करा. लिनक्सला चालतात. फाइलच्या एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हांपर्यंत नाव जातं. पुरे आहे.

सरावाची तयारी

प्रत्यक्ष सर्व्हरवर हात घालण्याआधी हे सगळं आपल्या होम फोल्डरमध्ये करून बघा.

एमकेडीआयआर -पी ~/सराव/मूळ ~/सराव/खिडकी
सीडी ~/सराव
इको "नमस्कार" > मूळ/चिठ्ठी

‘मूळ’मध्ये खरा माल आहे. ‘खिडकी’ रिकामी आहे, ती बाइंड माउंटसाठी लागेल.

पायरी १: सिमलिंक

एलएन -एस मूळ वाट
एलएस -एल

क्रम लक्षात ठेवा: आधी जे अस्तित्वात आहे ते, नंतर नव्या लिंकचं नाव. ‘सीपी’ने कॉपी करतो तोच क्रम. यादीत ‘वाट’ची ओळ नीट वाचा. पहिलं अक्षर एल आहे, म्हणजे लिंक. परवानग्यांच्या रकान्यात सगळ्यांना सगळं मोकळं दिसेल. त्याला घाबरायचं कारण नाही, लिंकच्या परवानग्या लिनक्स बघतच नाही, पलीकडच्या फोल्डरच्या बघतो. आकाराच्या रकान्यात ९ हा आकडा असेल: म, दीर्घ उकार आणि ळ, प्रत्येकी ३ बाइट. लिंकच्या पोटात ‘मूळ’ ही अक्षरं आहेत आणि बाकी काही नाही. ना फोल्डरचा क्रमांक, ना डिस्कचं नाव. १९८३ मध्ये ४.२बीएसडीने सिमलिंक आणल्या तेव्हापासून त्यांचं स्वरूप हेच आहे: मजकुराचा एक तुकडा, जो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पत्ता म्हणून वाचतो.

म्हणूनच लिंक बनवताना पलीकडे काही आहे की नाही हे तपासलं जात नाही. नवख्यांची सर्वात जास्त फसगत होते ती इथे:

एमकेडीआयआर आणखी
एलएन -एस मूळ आणखी/वाट

आपण ‘सराव’मध्ये उभे आहोत, ‘मूळ’ समोर दिसतं आहे, आज्ञा तक्रार न करता संपली. तरीही ही लिंक तुटकी आहे. लिंकमधला सापेक्ष (स्लॅशपासून सुरू न होणारा) पत्ता लिंक जिथे ठेवली आहे तिथून मोजला जातो, आपण उभे असतो तिथून नाही. ती ‘आणखी’च्या आत ‘मूळ’ शोधणार, आणि तिथे ते नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, स्लॅशपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता द्यायचा. दोन, ‘एलएन -एसआर’ वापरायचं, मग योग्य सापेक्ष पत्ता तीच आज्ञा काढून देते. अख्खं झाड उचलून दुसरीकडे नेण्याची शक्यता असेल तर सापेक्ष पत्ता बरा, नाहीतर पूर्ण पत्ता. तुटक्या लिंका शोधायच्या तर:

फाइंड . -एक्सटाइप एल

दुसरी फसगत लिंक बदलताना होते. ‘वाट’ आधीच एका फोल्डरकडे जात असेल आणि तुम्ही पुन्हा ‘एलएन -एस दुसरं वाट’ म्हणालात, तर ‘वाट’ बदलत नाही. ती ज्या फोल्डरकडे जाते त्याच्या आत ‘दुसरं’ नावाची नवी लिंक तयार होते, आणि जुनीच वाट का चालू आहे म्हणून आपण डोकं खाजवत बसतो. बदलायचं असेल तर ‘एलएन -एसएफएन’. यातला एन नसेल तर एफ देऊनही तेच होतं.

लिंक काढायची तर ‘आरएम वाट’. शेवटी स्लॅश नको. टॅबने नाव पूर्ण करताना कधी कधी स्लॅश आपोआप चिकटतो, तो खोडा. स्लॅश आला की ते नाव लिंकचं राहत नाही, पलीकडच्या फोल्डरचं होतं. आणि ‘आरएम -आर वाट/*’ म्हणालात तर खरा माल जातो, त्यात काही शंका नाही.

पायरी २: बाइंड माउंट

सुडो माउंट --बाइंड मूळ खिडकी
एलएस -एलडीआय मूळ खिडकी

सुडो लागला, कारण माउंट करणं हे प्रशासकाचं काम. लिंक कोणीही टाकू शकतो. दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरात दोन्ही ओळींच्या सुरुवातीला एकच आयनोड क्रमांक (फाइल किंवा फोल्डरचा डिस्कवरचा ओळख-क्रमांक) दिसेल, दोन्हींचं पहिलं अक्षर डी असेल, आणि बाण कुठेच नसेल. हे दोन फोल्डर नाहीत, एकच आहे. फोल्डरला हार्ड लिंक (त्याच मालाला दुसरं नाव) टाकायला लिनक्स परवानगी देत नाही, पण ज्याला ती हवी असते त्याचं काम बहुतेक वेळा याने भागतं. ही सोय लिनक्स २.४ पासून, म्हणजे २००१ पासून आहे.

आता दोन्हींमधला फरक एका हालचालीत बघा:

एमव्ही मूळ जुनं
कॅट वाट/चिठ्ठी
कॅट खिडकी/चिठ्ठी

‘वाट’ म्हणते, अशी फाइल नाही. ‘खिडकी’ ‘नमस्कार’ दाखवते. लिंकला नाव माहीत होतं, ते बदललं आणि ती हरवली. बाइंड माउंट थेट फोल्डरला धरून आहे, नावाशी त्याला देणंघेणं नाही. ‘एमव्ही जुनं मूळ’ करून नाव परत द्या, वाट पुन्हा चालू लागेल.

माउंटचा पत्ता कुठे लागतो? एलएस सांगणार नाही, फाइंडएमएनटी सांगेल:

फाइंडएमएनटी ~/सराव/खिडकी

उगमाच्या रकान्यात डिस्कचं नाव आणि त्याला लागून चौकटी कंसात ‘मूळ’चा पत्ता येतो. तो चौकटी कंस दिसला की बाइंड माउंट समजा. (बीटीआरएफएस वापरणाऱ्यांना सबव्हॉल्यूममुळेही असा कंस दिसतो, त्यांनी जरा जपून.)

काढायचं तर ‘सुडो यूमाउंट खिडकी’. टाइप करताना यू नंतर थेट एम येतो, मध्ये एन नाही. जागा वापरात असल्याची तक्रार आली तर दहापैकी नऊ वेळा आपलंच दुसरं टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं. तिथून बाहेर पडा आणि पुन्हा प्रयत्न करा. ‘-एल’ देऊन आळशी यूमाउंट करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने फोल्डर नजरेआड होतो, पण ज्या प्रोग्रामने आतल्या फाइली उघडून ठेवल्या आहेत तो त्या धरूनच राहतो. सवय म्हणून वापरू नका.

हा माउंट डिस्कवर कुठेही लिहिला जात नाही. तो कर्नलच्या स्मरणात असतो आणि मशीन बंद झालं की संपतो. लिंक उलट डिस्कवरच असते, म्हणून रीस्टार्टनंतरही टिकते. माउंट डिस्कवर लिहिला जात नाही याचा एक छोटा फायदा असा की ज्या फॅट पेनड्राइव्हवर सिमलिंक बनवताच येत नाही, तिथल्या फोल्डरवरही बाइंड माउंट बसतो.

झाकलेला माल

‘खिडकी’ रिकामी ठेवायला सांगितली त्यामागे कारण आहे. माउंट करण्याआधी तिच्यात फाइली असत्या तर त्या पुसल्या गेल्या नसत्या, पण दिसेनाशा झाल्या असत्या. यूमाउंट करेपर्यंत त्या खाली दबलेल्या राहतात आणि डिस्कवरची जागा मात्र खातात. ‘डीएफ’ म्हणतं डिस्क भरली, ‘डीयू’ने मोजलं तर तेवढ्या फाइली सापडत नाहीत, असं कोडं पडलं की संशयितांमध्ये हा प्रकार असतोच. (दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे पुसलेली, पण प्रोग्रामने अजून उघडी ठेवलेली फाइल.)

चालू सेवा न थांबवता खाली डोकावायची युक्ती बाइंड माउंटनेच होते:

सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी
सुडो एलएस /एमएनटी/व्हार/लिब/मायएसक्यूएल

साधा बाइंड माउंट दिलेला फोल्डर दाखवतो, पण त्या फोल्डरच्या आत आणखी काही माउंट केलेलं असेल तर ते सोबत आणत नाही. त्यामुळे /एमएनटीखाली मुख्य डिस्क उघडीवाघडी दिसते, झाकलेल्या मालासकट. आतले माउंटही हवे असतील तर ‘--आरबाइंड’. ते काढताना एकेक उलगडावं लागतं, म्हणून गरज नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

पायरी ३: खरं काम, डेटाबेस हलवणं

उबुंटूवर मायएसक्यूएल आहे असं धरू. पहिला मोह सिमलिंकचा होतो: फाइली /डेटामध्ये हलवल्या, जुन्या जागी लिंक टाकली, सेवा सुरू केली. सेवा सुरूच होत नाही. लॉगमध्ये परवानगी नाकारल्याचं लिहिलेलं, आणि फाइलींची मालकी-परवानग्या बघाव्यात तर सगळं जागेवर. इथे माणसं वैतागून ‘सीएचएमओडी ७७७’ करतात. तसं केलं तरी दार उघडत नाही आणि वर सुरक्षेची वाट लागते.

अडवणारा असतो अ‍ॅपआर्मर. तो प्रोग्रामांवर पहारा ठेवणारा सुरक्षारक्षक. उबुंटूच्या मायएसक्यूएलसोबत त्याची नियमावली येते आणि त्यात कोणत्या पत्त्यांना हात लावता येईल हे लिहिलेलं असतं. लिंकचा पाठलाग करून झाल्यावर जो खरा पत्ता निघतो तो अ‍ॅपआर्मर बघतो, म्हणजे /डेटा/मायएसक्यूएल, आणि तो यादीत नाही. बाइंड माउंटमध्ये पत्ता /व्हार/लिब/मायएसक्यूएल हाच राहतो, म्हणून नियम लागू पडतो. ‘सुडो जर्नलसीटीएल -के’मध्ये अ‍ॅपआर्मर आणि ‘डिनाइड’ हे शब्द एका ओळीत दिसले की समजा निदान बरोबर आहे.

क्रम असा:

सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप मायएसक्यूएल
सुडो सीपी -ए /व्हार/लिब/मायएसक्यूएल /डेटा/
सुडो एमव्ही /व्हार/लिब/मायएसक्यूएल /व्हार/लिब/मायएसक्यूएल.जुनं
सुडो एमकेडीआयआर /व्हार/लिब/मायएसक्यूएल
सुडो सीएचएटीटीआर +आय /व्हार/लिब/मायएसक्यूएल

शेवटची ओळ अनेक मार्गदर्शिकांमध्ये नसते. ती काय करते? रिकाम्या फोल्डरवर ‘बदल करू नये’ असा शिक्का मारते. उद्या काही कारणाने /डेटाची डिस्क जोडली गेली नाही आणि बाइंड माउंट झाला नाही, तर एखादा प्रोग्राम या रिकाम्या फोल्डरलाच घर समजून तिथे लिहायला लागू शकतो. शिक्का असेल तर रूटलाही (प्रशासकालाही) तिथे फाइल बनवता येत नाही, आणि चूक लगेच आरडाओरडा करत समोर येते. माउंट झाल्यावर वर दिसतो तो नवा फोल्डर, त्याला हा शिक्का लागत नाही. अर्थात शिक्का माउंटच्या आधीच मारायचा. नंतर मारलात तर तो खऱ्या डेटाच्या फोल्डरवर बसेल.

आता /ईटीसी/एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्या यादीत), /डेटाच्या ओळीच्या खाली, ही ओळ:

/डेटा/मायएसक्यूएल  /व्हार/लिब/मायएसक्यूएल  नन  बाइंड  ०  ०

आणि मग:

सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो माउंट /व्हार/लिब/मायएसक्यूएल
फाइंडएमएनटी /व्हार/लिब/मायएसक्यूएल
सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट मायएसक्यूएल

एफएसटॅबमधली चूक बूट होताना महागात पडते, म्हणून ‘--व्हेरिफाय’ टाळू नका. माउंट झाला नाही तर सिस्टमडी (बूट आणि सेवा सांभाळणारा प्रोग्राम) मशीनला आणीबाणीच्या मोडमध्ये नेऊन उभं करतो, आणि सर्व्हर दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये असेल तर ते परवडत नाही. ‘बाइंड’नंतर स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ लिहिलं तर मशीन तसंच पुढे चालू होतं. पण मग रिकाम्या फोल्डरवर सेवा सुरू होण्याचा धोका परत येतो. ‘नोफेल’ लावायचंच असेल तर वरचा शिक्का विसरू नका, आणि सेवेच्या युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही अट टाका. हे तिन्ही शब्द तिथे जोडून लिहायचे, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं.

जुना फोल्डर दोन-चार दिवस तसाच राहू द्या. बॅकअप नीट झाला, रीस्टार्टनंतर सगळं वर आलं, मगच पुसा.

हे सगळं न करता डेटाबेसच्या सेटिंगमध्येच नवा पत्ता देता येतो आणि अ‍ॅपआर्मरला तो सांगता येतो. खरं तर जिथे प्रोग्राम पत्ता बदलू देतो तिथे तोच सरळ मार्ग. बाइंड माउंट कामी येतो तो पत्ता बदलता येत नसेल, किंवा त्याच पत्त्यावर चार स्क्रिप्ट विसंबून असतील तेव्हा. फेडोरा आणि रेड हॅटच्या वाटेवर एसईलिनक्स नावाचा दुसरा पहारेकरी असतो. तो पत्ता नव्हे, फाइलीवरचं लेबल बघतो, त्यामुळे तिथे लिंक टाका की माउंट करा, नव्या जागच्या फाइलींना योग्य लेबल लावावंच लागतं.

पायरी ४: कोंडलेल्या खात्याला बाहेरचं दाखवणं

बाहेरच्या छायाचित्रकाराला एसएफटीपीने (फाइली सुरक्षितपणे पाठवण्याच्या पद्धतीने) फोटो टाकायला खातं द्यायचं आहे, पण त्याला सर्व्हरवर इकडेतिकडे फिरू द्यायचं नाही. ती सेवा देणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये ‘क्रूटडिरेक्टरी’ लावून त्याला एका फोल्डरमध्ये कोंडतात. फोटो ठेवायचे /डेटा/फोटोमध्ये. इथे सिमलिंक अजिबात चालत नाही. कोंडलेल्या खात्यासाठी ‘/’ म्हणजे त्याचा तो फोल्डर, आणि लिंकमधला /डेटा/फोटो हा पत्ता तो त्या फोल्डरच्या आतच शोधतो. बाइंड माउंट केला की काम होतं, कारण शोधायला काही उरतच नाही. कोंडायचा फोल्डर मात्र रूटच्या मालकीचा हवा, आणि त्यात गटाला किंवा इतरांना लिहिता येता कामा नये. त्याच्या वरच्या प्रत्येक फोल्डरलाही हीच अट. ती मोडली तर लॉगिनच होत नाही, आणि खापर विनाकारण माउंटवर फुटतं.

फक्त बघू द्यायचं असेल तर:

सुडो माउंट -ओ बाइंड,आरओ /डेटा/फोटो /एसआरव्ही/एसएफटीपी/पाहुणा/फोटो

मूळ जागी लिहिता येतं, या दारातून फक्त वाचता येतं. एकाच फोल्डरला दोन वेगळे नियम लावण्याची ही सोय लिनक्स २.६.२६ पासून, म्हणजे २००८ पासून आहे. सिमलिंकमध्ये याला पर्याय नाही.

डॉकर (प्रोग्रामला कंटेनर नावाच्या बंदिस्त खोलीत चालवणारं साधन) वापरत असाल तर ‘-व्ही’ देऊन फोल्डर आत देता तेव्हा नकळत हेच करत असता. आणि त्या फोल्डरमध्ये बाहेर जाणारी सिमलिंक असेल तर कंटेनरच्या आत ती तुटकी दिसते, कारणही वरचंच. नेटवर्कवर फोल्डर वाटणारा सांबाही शेअरच्या बाहेर नेणाऱ्या लिंका मूळ सेटिंगमध्ये अडवतो. ती सेटिंग सैल करण्यापेक्षा बाइंड माउंट करावा असं माझं मत.

पुसताना आणि बॅकअप घेताना

‘आरएम -आरएफ’ला सिमलिंक भेटली की ते लिंक काढतं आणि पुढे जातं. बाइंड माउंट भेटला की त्याच्या आत शिरतं आणि खऱ्या फाइली पुसतं. शेवटी माउंटची जागा काढता येत नाही म्हणून जागा वापरात असल्याची तक्रार करतं, पण तोवर आत काही शिल्लक नसतं. ‘--वन-फाइल-सिस्टिम’ लावलं की आपण सुरक्षित, असा समज आहे. मूळ फोल्डर आणि माउंट एकाच डिस्कवर असतील तर दोन्हींचा डिस्क-क्रमांक एकच असतो, आणि तो पर्याय काहीही वाचवत नाही. कॉपी-बॅकअपच्या आरसिंक या आज्ञेच्या ‘-एक्स’चंही तसंच. म्हणून आपला सराव आवरतानाही आधी ‘सुडो यूमाउंट ~/सराव/खिडकी’, मग फाइंडएमएनटीने खात्री, आणि मगच ‘आरएम -आर ~/सराव’.

बॅकअपला दोघांचे त्रास उलटसुलट आहेत. टार आणि ‘आरसिंक -ए’ लिंकला लिंक म्हणूनच उचलतात. मोठा डेटा लिंकपलीकडे असेल तर बॅकअपमध्ये काही बाइटचा पत्ता येतो आणि डेटा मागे राहतो. बाइंड माउंटचा डेटा उलट दोनदा येऊ शकतो: एकदा /डेटामधून, एकदा /व्हारमधून. दोन्हीकडे उपाय एकच, बॅकअपच्या आज्ञेत काय घ्यायचं आणि काय वगळायचं ते आपण नावानिशी लिहायचं.

आणखी दोन बारीक गोष्टी. माउंटच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला ‘एमव्ही’ केलं तर डिस्क एकच असूनही फाइल आधी कॉपी होते आणि मग जुनी पुसली जाते. ४० जीबीची फाइल क्षणात सरकेल ही अपेक्षा धरू नका. आणि फोल्डरऐवजी एकाच फाइलवर बाइंड माउंट करता येतो, पण तो सांभाळून. बरेच एडिटर जतन करताना नवी फाइल लिहून तिला जुनं नाव देतात. माउंट जुन्या फाइलला धरून बसतो, आणि डॉकरमध्ये सेटिंग बदलूनही कंटेनर जुनंच वाचत राहतो. शक्यतो फाइल नको, तिचा फोल्डर माउंट करा.

मग सिमलिंक कुठे?

बहुतेक ठिकाणी. तुमच्या लिनक्समध्ये आत्ता शेकडो लिंका काम करत आहेत. भारतीय वेळेवर चालणाऱ्या मशीनवर /ईटीसी/लोकलटाइम ही एशिया/कोलकाताच्या फाइलकडे जाणारी लिंकच असते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये साइट चालू-बंद करायला उबुंटू आणि डेबियनवर लिंकच टाकतात आणि काढतात. वेबसाइटची नवी आवृत्ती चढवताना ‘सध्याची’ नावाची लिंक नव्या फोल्डरकडे वळवायची, बिघडलं तर परत जुन्याकडे. हे काम बाइंड माउंटने करणं म्हणजे ओढवून घेतलेला ताप. गर्दीच्या साइटवर लिंक एका झटक्यात बदलायची असेल तर आधी वेगळ्या नावाने नवी लिंक बनवा आणि ‘एमव्ही -टी’ने (टी मोठा) ती जुनीवर ठेवा. मधला एकही क्षण लिंकशिवाय जात नाही.

शिवाय लिंक स्वतःहून दिसते. सहा महिन्यांनी सर्व्हर बघायला येणाऱ्या सहकाऱ्याला एका एलएसमध्ये बाण दिसतो आणि कळतं. माझा क्रम ठरलेला आहे: आधी प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये पत्ता बदलता येतो का बघायचं, नाही तर सिमलिंक, आणि ती कुठे अडली तरच बाइंड माउंट, तोही एफएसटॅबमध्ये वर एक ओळीची टीप लिहून.

लिंका एकीतून एकीत जाऊ शकतात, पण एका पत्त्याचा माग काढताना लिनक्स ४० पर्यंतच लिंका ओलांडतो, त्यापुढे चूक दाखवतो. ती चूक दिसली तर बहुधा लिंका एकमेकींकडे बोट दाखवून गोल फिरत असतात. लिंकमधून आत गेल्यावर ‘सीडी ..’ आणि ‘एलएस ..’ यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात, तेही यातलंच. शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणारा प्रोग्राम) आपण आलो ती वाट लक्षात ठेवतं आणि एलएस खरा वरचा फोल्डर बघतं. ‘पीडब्ल्यूडी -पी’ (पी मोठा) खरी जागा सांगतं. बाइंड माउंटमध्ये हा गोंधळ होत नाही.

अनोळखी सर्व्हरवर

एखादा पत्ता नेमका कुठे जातो हे बघायला तीन आज्ञा पुरतात. ‘नेमआय -एल’ पत्त्याचा एकेक तुकडा वेगळ्या ओळीत दाखवतं, कुठे लिंक आहे आणि कुठे परवानगी अडते ते तिथेच दिसतं. ‘रीडलिंक -एफ’ सगळ्या लिंका ओलांडून शेवटचा पत्ता देतं. आणि ‘फाइंडएमएनटी -टी’ (टी मोठा) त्याच पत्त्याखाली कोणता माउंट आहे ते सांगतं. रीडलिंकला बाइंड माउंट दिसत नाही आणि फाइंडएमएनटी मधल्या लिंका दाखवत नाही, म्हणून एकावर थांबू नका.

तिन्ही आज्ञा ठीक सांगतात आणि तरी सेवेला फाइल सापडत नाही, असंही होतं. माउंटची यादी प्रत्येक प्रोसेससाठी वेगळी असू शकते. कंटेनरची असतेच, आणि सिस्टमडीने ज्यांना खासगी टेम्प फोल्डर दिला आहे अशा सेवांचीही असते. तेव्हा त्या सेवेचा प्रोसेस क्रमांक काढा आणि ‘सुडो फाइंडएमएनटी -एन’ (एन मोठा) पुढे तो क्रमांक द्या. तुमच्या टर्मिनलला जे दिसतं ते सोडून त्या सेवेला जे दिसतं ते समोर येईल, आणि चुकलेला माउंट बहुतेक वेळा त्या यादीत सापडतो.